४० लाखात कुठं काय मिळतं: बेळगाव, मच्छे, खानापूर, निपाणी की शिनोळी?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी तो माझ्या शब्दात लिहितो म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर कळेल. मिस्टर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनशॉपमध्ये, तुम्ही वडगावच्या खाजगी शाळेत, मुलगा चौथीत, सासूबाई सोबत, शहापुरात ९ हजार भाडं. हातात १२ लाख, हप्ता २५ हजारापर्यंत झेपतो, म्हणून सगळं धरून बजेट ४० लाख. आणि चार एजंटांनी चार गोष्टी सांगितल्यात, एकजण म्हणतो ४० लाखात टिळकवाडीत फ्लॅट बसतो, दुसरा म्हणतो त्याच पैशात खानापुरात बंगला होतो, तिसरा निपाणीत दोन मजली दाखवतोय आणि चौथा शिनोळीला जागेसकट घर, वर "महाराष्ट्रात हाय, कागद मराठीत" म्हणूलालाय. खरं कोण बोलतंय असं विचारलंय तुम्ही.

चौघंही खरं बोलूलालेत की. फक्त प्रत्येकानं हिशोब आपल्या सोयीच्या ठिकाणी थांबवलाय.

मी सिव्हिल इंजिनिअर, २३ वर्षं झाली या धंद्यात, निम्मं काम घरं बांधायचं आणि निम्मं बँकांच्या पॅनलवर व्हॅल्युएशनचं. म्हणजे लोन मंजूर करायच्या आधी बँक ज्याला टेप घेऊन पाठवते तो मनुष्य मी. बेळगाव तालुका, खानापूर, इकडं निपाणी-चिकोडीपर्यंत आणि अधूनमधून चंदगड-गडहिंग्लजलाही जातो. खाली जे रेट लिहितोय ते माझ्यासमोर आलेल्या व्यवहारांवरून अंदाजानं धरलेत, गल्ली बदलली की हजार रुपयांचा फरक पडतो हे तुम्हाला शहापुरात राहून सांगायला नको.

आधी एक आकडा पाठ करा, ८७०. साडेआठ टक्के व्याजानं २० वर्षांसाठी १ लाख कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता साधारण ८७० रुपये बसतो. २८ लाखाला २४,३०० च्या आसपास, म्हणजे तुमच्या २५ हजारात बसतंय. पण मला हा आकडा दुसऱ्या कामाला लागतो. नवीन जागी गेल्यावर महिन्याला जो काही जादा खर्च येणार, पेट्रोल म्हणा, टँकर म्हणा, मुलाच्या शाळेची रिक्षा म्हणा, त्याला ८७० नं भागायचं. आलेले लाख त्या घराच्या किमतीत मनातल्या मनात मिळवायचे. घर १० लाखानं स्वस्त पडलं पण महिन्याचा खर्च साडेचार हजारानं वाढला तर ते १० नाही, ५ लाखानंच स्वस्त पडलंय. मी माझ्या बायकोच्या भावाला हे सांगितलं तेव्हा तो हसला होता, आता तो महिन्याला पेट्रोल पंपावर हसतो.

दुसरी गोष्ट कागदाचा खर्च, कारण ४० लाखाचं बजेट म्हणजे ४० लाखाचं घर नव्हे. आपल्याकडं कर्नाटकात स्टॅम्प ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज धरून शहरात ५.६ आणि ग्रामीण भागात ५.६५ पडते. रजिस्ट्रेशन फी आधी १ टक्का होती ती ३१ ऑगस्ट २०२५ पासून २ टक्के झाली. म्हणजे साधारण साडेसात टक्क्याच्या वर गेलं सगळं. नवीन फ्लॅट बिल्डरकडून पहिल्यांदा रजिस्टर होत असेल आणि किंमत ४५ लाखाच्या आत असेल तर ड्युटी ३ टक्के (२० लाखाच्या आत २ टक्के), पण ही सवलत जुन्या फ्लॅटला नाही आणि साईटलाही (मोकळ्या प्लॉटलाही) नाही, एजंट हे सांगत नाहीत. बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटी, कार्पेट (आतली चालायची जागा) ९० चौरस मीटरच्या आत आणि ४५ लाखाच्या आत असेल तर १ टक्का, नाहीतर ५. कंप्लिशन झालेल्या किंवा जुन्या फ्लॅटला जीएसटी नाही. आणि हा सगळा पैसा तुमच्या १२ लाखातून जाणार, कारण बँक कर्ज देताना ड्युटी-रजिस्ट्रेशन किमतीत धरत नाही. ३० लाखापर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यापर्यंत देता येतं हा रिझर्व्ह बँकेचा नियम, पण ती किंमत म्हणजे माझ्यासारख्यानं लिहिलेली किंमत, विकणाऱ्यानं सांगितलेली नव्हे. तिथं २-३ लाखाचा फरक सर्रास येतो आणि तो तुम्हालाच भरायचा असतो.

आता टिळकवाडी. नवीन इमारत, लिफ्ट, पार्किंग, हिंदवाडी-टिळकवाडी भागात आज चौरस फुटाला साडेपाच हजार रेट धरून चाला, चांगल्या गल्लीत त्याच्या वर. तुमच्या ४० मधून कागद, जीएसटी, वकील, बँकेची फी, किचनचं थोडं काम वजा केलं की फ्लॅटला ३६ लाख उरतात. ३६ लाख भागिले साडेपाच हजार म्हणजे ६५० चौरस फूट, तेही सेलेबल. जिना, लिफ्ट, पॅसेज यातला तुमचा वाटा काढला की आत चालायला ४८०-५०० फूट. म्हणजे वन बीएचके. चार माणसं, त्यात सासूबाई. पहिला एजंट खोटं बोलला नाही, "फ्लॅट" म्हणाला, किती खोल्यांचा ते बोलला नाही.

पण टिळकवाडी-भाग्यनगर-अनगोळ या पट्ट्यात दुसरी एक चीज मिळते जिच्याकडं कोण बघत नाही, २०-२५ वर्षांपूर्वीची तीन मजली अपार्टमेंट, लिफ्ट नसलेली. त्यातला दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, ९००-९५० फूट, त्यावेळी पॅसेजला इतकी जागा खात नव्हते म्हणून आतली जागा ७०० च्या वर निघते. असे ३४-३५ लाखात सुटलेले मी बघितलेत. साडेसात टक्के कागदाला अडीच-पावणेतीन लाख, उरलेल्या दोनेक लाखात वायरिंग, नळाच्या पाईप आणि रंग. जुन्या फ्लॅटला बँक एक गोष्ट बघते, इमारतीचं उरलेलं आयुष्य कर्जाच्या मुदतीपेक्षा बरंच जास्त पाहिजे. आरसीसीला आम्ही साधारण ६० वर्षं धरतो, २५ वर्षांची इमारत असेल तर ३५ राहिली, २० वर्षांचं कर्ज आरामात बसतं. ३५-४० वर्षांची असेल तर मुदत कमी करतील आणि हप्ता वाढेल. गच्ची गळते का, बाल्कनीच्या खालचं सिमेंट सुटून सळी दिसते का, आणि सगळ्यांच्या नावावर खाता (महापालिकेच्या कर-वहीतली नावाची नोंद) झालाय की अजून बिल्डरच्याच नावावर आहे, या तीन गोष्टी बघायच्या. पाणी कुठलं येतं तेही विचारा. शहराला राकसकोप आणि हिडकल दोन्हीकडून पाणी येतं, काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास पाणी आहे आणि शेजारच्या वॉर्डात अजून दिवसाआड-तीन दिवसाआड चालतं. जुन्या भागाची एक मजा म्हणजे विहिरी. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर अजून आहे, त्या भागातल्या बऱ्याच अपार्टमेंटच्या आवारातही जुनी विहीर असते आणि एप्रिल-मेमध्ये तिचं मोल कळतं.

मग शहराचा काठ. पिरनवाडी, मच्छे, इकडं सुळगा-उचगाव, कणबर्गी, काकती, सांबरा. इथं सगळ्यात जास्त लोक फसतात, आणि फसतात म्हणजे कोण फसवतं असं नाही, बेरीज अर्धीच करतात. तीस-चाळीसची साईट, १२०० फूट, १५०० रेटनं १८ लाख. खरेदीचा कागद १ लाख ३८ हजार. ८५० फुटाचं साधं घर २ हजार रेटनं १७ लाख. झाली बेरीज ३६ लाख ३८ हजार, माणूस खूश, ४० च्या आत बसलं म्हणतो. मग प्लॅन मंजुरी, बोअर आणि मोटर, सम्प (पाण्याची जमिनीतली टाकी), सेप्टिक टँक, कंपाऊंड आणि गेट, हेस्कॉमचं (विजेचं) कनेक्शन, हे सगळं मिळून साडेचार-पाच लाख. शहरात फ्लॅटमध्ये हे सगळं आधीच झालेलं असतं, इथं ते तुम्ही एकेक करून विकत घेताय. रस्तासुद्धा, कारण लेआऊटवाल्यानं टाकलेली खडी पहिल्या दोन पावसाळ्यात जाते आणि मग गल्लीतले लोक वर्गणी काढतात. वर घर बांधायला १० महिने ते वर्ष, तेवढे दिवस शहापूरचं भाडं चालूच, १ लाख ८ हजार. बँक पैसे एकदम देत नाही, प्लिंथ (जोतं) झाला की थोडे, लिंटेल झाला की थोडे, स्लॅब पडला की थोडे, प्रत्येक वेळी माझ्यासारखा येऊन फोटो काढतो, आणि दिलेल्या पैशावर व्याज त्या दिवसापासून सुरू. धरा ४३-४४ लाख. ४० मध्येच बसवायचं तर घर ६५०-७०० फुटाचं होतं. वाईट नाही ते, वर मजला चढवायची सोय राहते, फ्लॅटमध्ये ती नाही. पण "१८ लाखाची साईट" ऐकून जो हिशोब डोक्यात सुरू होतो तो हा नव्हे.

आणि माती बघा हो. बेळगावच्या पश्चिमेला तांबडी, जांभा दगडाची जमीन, तीन-चार फुटावर पाया बसतो. येळ्ळूर, धामणे, जुनं बेळगाव, वडगावच्या मागचं शिवार म्हणजे भाताची जमीन, बेळगाव बासमती पिकायची ती. काळी चिकण माती, तिथं सहा-सात फूट खाली जायला लागतं आणि प्लिंथ उचलायचा तर भराव वेगळा. पायातच दीड-दोन लाख जादा. साईट फुटामागं २०० रुपयांनी स्वस्त का आहे त्याचं उत्तर कधीकधी जमिनीखाली असतं.

हे मला कुणी शिकवलं सांगतो. मी स्वतः इंजिनिअर असून २००५ मध्ये भाताच्या शिवारात एक साईट घेतली, एप्रिल महिन्यात बघायला गेलो होतो, जमीन ठणठणीत, भेगा पडलेल्या, चार आंब्याची झाडं, वारा काय सुंदर. नाला अर्धा फर्लांग लांब, कोरडा, त्यात पोरं क्रिकेट खेळत होती. पावसाळ्यात पाणी साचतंय हे बाजूच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं होतं, मी म्हटलं भराव टाकू. बांधलं नाही अजून म्हणून वाचलो. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगावला जो पाऊस झाला त्यात त्या साईटवर कमरेइतकं पाणी, शेजारच्या नवीन घराच्या पहिल्या खोलीत फ्रीज तरंगत होता. ती साईट अजून माझ्याकडंच आहे, विकायला काढली की येणारा माणूस नेमका जुलैमध्येच येतो! म्हणून सांगतो, बळ्ळारी नाल्याच्या आसपासचं काहीही असो, जुलै-ऑगस्टमध्ये सलग चार दिवस पाऊस पडल्यावर पाचव्या दिवशी जाऊन बघा. आता कोरड्या दिवसात बघत असाल तर शेजाऱ्यांच्या भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ती बघा, ती पुसायला लोक विसरतात.

खानापूर. या एजंटवर माझा राग नाही, कारण तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत खानापूरचा विचार अगदीच वेडा नाही. उद्यमबाग खानापूर रोडवरच, त्यामुळं गावात शिरायला नको, ट्रॅफिक नाही. साईट ९०० रेटनं १० लाख ८० हजार, कागद ८० हजार, ११०० फुटाचं घर २२ लाख, बोअर-कंपाऊंड वगैरे साडेचार, आणि खानापुरात एक खर्च जादा धरायचाच, स्लॅबवर पत्र्याचं शेड, सव्वा-दीड लाख, कारण तिथला पाऊस बेळगावसारखा नाही, तालुक्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबीकडं तर कोकणासारखा पडतो आणि तिरका येतो. एकूण ३९-४०, बांधकामाच्या वर्षातलं भाडं आणि व्याज वेगळं. म्हणजे मच्छेला ७०० फूट मिळतं तिथं खानापुरात ११००, मागं परसू, सासूबाईंना तुळस आणि चार फुलझाडं. भिंती चिऱ्याच्या बांधल्या तर गारवा वेगळाच.

आता ८७० काढा. खानापूर ते उद्यमबाग जाऊन-येऊन ४४ किलोमीटर, रोज एक लिटर पेट्रोल, शंभराच्या वर रेट, महिन्याचे २६०० आणि गाडीची देखभाल ५०० म्हणजे ३१००. भागिले ८७०, साडेतीन लाख. तुमचा बसचा खर्च शून्य, शक्ती योजनेत जून २०२३ पासून बायकांना कर्नाटकातल्या सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. पण वेळेचं काय, वडगावच्या शाळेला खानापूरहून निघायचं म्हणजे बस, मग बेळगावात दुसरी बस, सकाळी साडेसहाला घर सोडायचं. मुलाची शाळा बदलायची की तुमच्यासोबत त्याला रोज ५०-५५ किलोमीटर हिंडवायचं? मिस्टर सेकंड शिफ्टला असतील तर रात्री बाराला त्या रोडनं पावसात मोटरसायकल. याला मी ८७० नं भागू शकत नाही, तुम्हीच बसून ठरवा. ज्यांचं काम खानापुरातच आहे, तहसील किंवा तिथल्या शाळेत, त्यांना मात्र मी डोळे झाकून खानापूर सांगतो.

शिनोळीवाल्यानं कागद मराठीत म्हटलं ते ऐकून तुमचं मन तिकडं ओढलं असेल तर मी समजू शकतो. आपल्या घरातल्या किती म्हाताऱ्यांनी कन्नडमधला उतारा आणि खरेदीपत्र न वाचता सही केलीय, मी रोज बघतो. सातबारा हातात घेऊन स्वतः वाचता येणं ही मोठी गोष्ट आहे. आणि पैशातही फरक आहे, थोडा नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायत हद्दीत स्टॅम्प ड्युटी ३ टक्के आणि जिल्हा परिषदेचा १ टक्का, रजिस्ट्रेशन १ टक्का पण ३० हजाराच्या वर घेत नाहीत. घर बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटीत आणखी १ टक्का सूट, आपल्याकडं ती सूट नाही. ४० लाखाच्या तयार घराला इकडं ३ लाख ६ हजार, तिकडं तुमच्या नावावर घेतलं तर १ लाख ५० हजार. दीड लाख वाचले.

पण तो एजंट इथं थांबला. तुमचा पत्ता महाराष्ट्राचा झाला की रेशनकार्ड तिकडं जाणार, आणि इकडची गृहलक्ष्मी मिळत असेल तर ते महिन्याचे २ हजार बंद, ८७० नं भागा, २ लाख ३० हजार झाले. गृहज्योतीची २०० युनिटपर्यंतची वीज बंद. शक्ती योजनेला कर्नाटकच्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं, ते गेलं की बेळगावातल्या बसला तिकीट, महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे पण ते वडगावपर्यंत नेणार नाही. योजना काय कायमच्या नसतात, २० वर्षांच्या हिशोबात धरू नका म्हणेन, पण एकीकडं दीड लाखाची बचत सांगताना दुसरीकडचं लपवणं बरोबर नाही. शिवाय गाडी केए २२, कायमचं तिकडं राहायला गेलात तर वर्षभरात एमएच ०९ करून तिकडचा टॅक्स भरायला लागतो. बेळगावच्या बऱ्याच बँक शाखा चंदगड तालुक्यातल्या मिळकतीला कर्ज द्यायला तयार नसतात, कोल्हापूरकडच्या शाखेत जा म्हणतात. आणि भूगोल बघा की, शिनोळी वेंगुर्ला रोडला आणि उद्यमबाग खानापूर रोडला, रोज हिंडलगा, कॅम्प, सगळं गाव आरपार. मिस्टर शिनोळीच्या एमआयडीसीत असते तर मी वेगळं लिहिलं असतं. तिकडं गेलातच तर शेतातला गुंठा दोन गुंठे घेऊ नका, एनए (बिगरशेती) झालेलीच जागा घ्या, महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही. आपल्याकडं २०२० पासून कुणालाही शेतजमीन घेता येते, पण घेता येते म्हणजे त्यावर घर बांधता येतं असं नव्हे, त्याला एनए लागतंच.

निपाणीचं दोन ओळीत संपवतो. बेळगावला नोकरी असलेल्यानं रोज हायवेनं ७५ किलोमीटर यायचं नसतं. कागलच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना निपाणी सोन्यासारखी, तुम्हाला नाही. (आणि चिकोडी-निपाणी तालुक्यात वेदगंगा-दूधगंगेच्या काठची गावं असतील तर २०१९ चा पूर कुठवर आला होता ते आधी विचारा.) तुमचे दीर पुण्यात म्हणालात, त्यांना ४० लाखात तिथं काय मिळतं ते विचारा म्हणजे बेळगाव महाग वाटणार नाही. गोव्याचंही तेच.

आता कागद, हे मात्र सावकाश वाचा. शहरात ई-खाता आणि ग्रामपंचायतीत ई-स्वत्तूचा (पंचायतीची ऑनलाईन मिळकत नोंद) फॉर्म ९ आणि ११ असल्याशिवाय आता रजिस्ट्रेशन होत नाही. ११-ब किंवा बी-खाता दाखवून "चालतं हो, आमच्या सगळ्यांचं तेच आहे" म्हणणारे भेटतील. कर भरला जातो एवढाच त्याचा अर्थ, लेआऊट मंजूर आहे असा नव्हे, आणि बँक तिथं एकतर कर्ज देत नाही किंवा इतकं कमी देते की उपयोग नाही. काठावर जे काही स्वस्त दिसतं त्यातलं निम्मं स्वस्त याच कारणानं असतं. सर्व्हे नंबरातला तुकडा विकत असतील तर ११-ई स्केच (त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा) मागा. १०० रुपयांच्या स्टॅम्पवरचा गुंठेवारीचा कागद कितीही जुना असो, हात लावू नका. ईसी (मिळकतीवर झालेले व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) कमीत कमी ३० वर्षांची काढा, ती कन्नडमध्ये येते, वाचता येत नसेल तर स्वतःच्या वकिलाकडून वाचून घ्या, विकणाऱ्यानं आणलेल्या माणसाकडून नको. वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्या सह्या आहेत का ते बघा, हक्कसोडपत्र रजिस्टर झालेलं पाहिजे, "ताई लग्न होऊन गोव्याला असतात, त्यांचं काही म्हणणं नाही" हे वाक्य मी अडकलेल्या दर तिसऱ्या फाईलमध्ये ऐकलंय. संचकारपत्र (विसारपावती) करताना रोख देऊ नका, २० हजाराच्या वर रोख घेणं-देणं इन्कम टॅक्सवाल्यांना चालत नाही आणि उद्या व्यवहार मोडला तर तुमच्याकडं पुरावा नाही. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) जुन्या लेआऊटमध्ये, रामतीर्थनगर, कुमारस्वामी लेआऊट वगैरे, कागद त्यातल्या त्यात स्वच्छ असतात पण तिथला रेट तुमच्या बजेटबाहेर जातो, छोटी वीस-तीसची साईट सुटली तर बघा, फक्त मूळ मालकाला बुडाचं पक्कं खरेदीपत्र मिळालंय का ते विचारा.

तुमच्या जागी मी असतो तर दोनच गोष्टींमागं फिरलो असतो. एक, अनगोळ-भाग्यनगर-वडगाव या पट्ट्यातला जुना टू बीएचके. उद्यमबाग तिथून १०-१५ मिनिटं, तुमची शाळा जवळ, मुलाची शाळा बदलायची नाही, महिन्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य, आणि नोंदणी झाली की पुढच्या महिन्यात भाडं बंद, तेच ९ हजार सरळ हप्त्यात. ७०० फूट कार्पेट म्हणजे खानापूरच्या ११०० पुढं कमीच, मान्य. दुसरं, पिरनवाडी-मच्छे भागात वीस-तीसच्या जागेवर बांधून तयार असलेलं वर-खाली छोटं घर, ३७-३८ पर्यंत, पण ई-खाता किंवा ई-स्वत्तू स्वच्छ असेल तरच आणि आधी कोणीतरी दोन पावसाळे त्यात राहून गेलेलं असेल तर फारच बरं. नवीन घर कुठं गळतंय हे बिल्डरलाही माहीत नसतं.

पहिल्यात एकच अडचण आहे ती म्हणजे जिना. सासूबाईंच्या गुडघ्याचं तुम्ही लिहिलंय. तेव्हा फ्लॅट बघायला जाताना त्यांना बरोबर घ्या, सकाळी नको, संध्याकाळी न्या, दिवसभर चालून झाल्यावर, आणि दोन मजले चढून वर बसल्यावर लगेच विचारू नका, चहा होऊ दे, मग परत खाली उतरून गेटपर्यंत आल्यावर विचारा. त्या "चालेल गं" म्हणाल्या तर ईसी काढायला टाका. नाहीतर पहिल्या मजल्यावरचं शोधा, त्याला लाख-दीड लाख जादा लागतात, ते रंगातून आणि किचनमधून काढता येतील, रंग काय पुढच्या दिवाळीला पण देता येतो.